चिंचणी आणि परिसर

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील चिंचणी हे समुद्रकाठचे मोठे गाव. पश्चिम रेल्वेचे वाणगाव स्थानक याच्या पूर्वेस आहे. १९५५ मध्ये येथे ताम्रपट सापडले आणि चिंचणीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील शके ८४८ (इ.स. ९२६) च्या संस्कृत ताम्रपटानुसार संजाण मंडळाचा कारभार मोहंमद ऊर्फ मधुमती या अरब अधिकाऱ्याकडे होता. त्याने लोकांसाठी विनामूल्य नावा व अन्नछत्र सुरू केले, शिवाय देवीच्या मठिकेसाठी जमीन दिली, असे त्यात नोंदले आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा सलोखा शालेय पुस्तकांत क्वचितच भेटतो.

चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात मासेमारी व शेतीच्या जोडीने दागिन्यांचे साचे कोरण्याचा, म्हणजे डायमेकिंगचा, व्यवसाय घरोघरी रुजला. दक्षिणेकडे तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र आले. पुढील विस्तारात अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. ती आठवण ताजी असतानाच ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. भराव समुद्रात होणार, गाव उठणार नाही, असे सरकारचे म्हणणे आहे. मच्छीमारांचा प्रश्न मात्र जमिनीचा नसून त्याच समुद्राचा आहे.