नोकार्डियाजन्य फुप्फुसरोग, कुत्र्यांतील : निदान

नोकार्डिया प्रजातीच्या सूक्ष्मजंतूंमुळे कुत्र्यांच्या फुप्फुसांत व फुप्फुसावरणात होणारा, क्वचित आढळणारा, पण वेळीच न ओळखल्यास प्राणघातक ठरणारा पूजनक रोग. हे सूक्ष्मजंतू मातीत व कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहतात आणि श्वासावाटे किंवा जखमेतून शरीरात शिरतात. फ्रेंच पशुवैद्य एदमाँ नोकार (१८५०–१९०३) यांनी १८८८ मध्ये गुरांच्या फार्सी या रोगात त्यांचे प्रथम वर्णन केले.

लक्षणे : ताप, खोकला, धाप लागणे व वजन घटणे. डिस्टेंपर झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या कुत्र्यांत धोका अधिक असतो. क्ष-किरण चित्रात गाठी किंवा छातीतील द्रव दिसतो. परंतु बुरशीजन्य रोग, क्षय व कर्करोग यांतही तसेच चित्र दिसत असल्याने त्यावरून निदान ठरत नाही.

नमुना व सूक्ष्मदर्शकीय तपासणी : नमुना शक्यतो प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो. घशातील स्राव तेथील नेहमीच्या जंतूंनी दूषित असतो, म्हणून छातीतून सुईने काढलेला द्रव किंवा श्वासनलिकांत लवणजल सोडून परत ओढलेले धावन तपासतात. हा द्रव पुष्कळदा टोमॅटोच्या सारासारखा लालसर व दाट असतो. ग्रॅम रंजनात जांभळे, मण्यांच्या माळेसारखे तुटक रंगलेले, फांद्या फुटलेले बारीक तंतू दिसतात. ॲक्टिनोमायसीझ या सूक्ष्मजंतूचे तंतूही असेच दिसतात. मात्र आम्लरोधी रंजनात नेहमीच्या तीव्र आम्ल-अल्कोहोलऐवजी सौम्य गंधकाम्ल वापरल्यास नोकार्डिया बहुधा तांबडा रंग धरून ठेवतो, तर ॲक्टिनोमायसीझ तो सोडतो. हा फरक उपचाराच्या दृष्टीने कळीचा आहे, कारण ॲक्टिनोमायसीझवर पेनिसिलिन चालते, तर नोकार्डियावर सल्फा गटातील औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात.

संवर्धन : नोकार्डियाला वाढीसाठी ऑक्सिजन लागतो व त्याच्या वसाहती दिसण्यास काही दिवसांपासून दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. नेहमीच्या संवर्धनाच्या बशा दोन-तीन दिवसांत टाकून दिल्या जात असल्याने संशय प्रयोगशाळेला आधीच कळवणे आवश्यक असते. जुन्या नोंदींतील बरेच जंतू नोकार्डिया ॲस्टेरॉइडिस या एकाच नावाखाली आढळतात. १६एस आरआरएनए जनुकाच्या अनुक्रमावरून त्या गटाची अनेक जातींत विभागणी झाली असून औषधांना मिळणारा प्रतिसाद जातीनुसार बदलतो.



संवर्धनात वाढ न झाल्याचा अहवाल एकट्याने हा रोग नाकारण्यास पुरेसा ठरत नाही.