यंत्र आपले, कुलूप कुणाचे?

गेम कन्सोल विकत घेणारा माणूस दुकानातून नक्की काय घेऊन बाहेर पडतो, यावर गेली पंचवीस-तीस वर्षे जगभरची न्यायालये आणि कायदेमंडळे वाद घालत आहेत. यंत्र त्याचे झाले, यात शंका नाही. पैसे मोजले, पावती मिळाली. पण त्या यंत्राच्या पोटात उत्पादकाने एक कुलूप बसवलेले असते. कोणती डिस्क चालवायची आणि कोणता प्रोग्राम नाकारायचा, हे ते कुलूप ठरवते. मालकाने ते उघडले, किंवा कारागिराकडून उघडून घेतले, तर त्यात गुन्हा कोणता आणि नुकसान कुणाचे? कायदा, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि नीतिविचार या साऱ्यांना या प्रश्नात काम आहे. ही प्रस्तावना इथे पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकासाठी लिहिली आहे. त्याच्याकडे कायद्याची पदवी नसली तरी चालेल आणि त्याला सोल्डरिंग येत नसले तरी काही अडणार नाही.

विषय खेळण्याचा आहे म्हणून कुणी तो किरकोळ समजू नये. शेतातला ट्रॅक्टर, घरातला प्रिंटर, खिशातला फोन यांच्यातही आज अशीच कुलुपे आहेत. कन्सोलचा वाद मात्र त्या सगळ्यांच्या आधी आणि अधिक स्वच्छपणे न्यायालयात मांडला गेला, म्हणून अभ्यासाला तो सोयीचा.

सुरुवातीसाठी मी सिडनीचा एक खटला सुचवेन. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कवर, गेमचा डेटा सुरू होण्याच्या आधीच्या आतल्या वर्तुळात, माग सरळ न जाता किंचित थरथरत जातो. त्या थरथरीत चार अक्षरे दडवलेली असतात: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. यंत्र आधी ती अक्षरे वाचते आणि जुळली तरच पुढे सरकते. घरगुती सीडी रायटरला डिस्कवरचा डेटा जसाच्या तसा उतरवता येतो, ही थरथर मात्र उतरवता येत नाही. त्यामुळे नक्कल केलेली डिस्क नाकारली जाते. पण टोकियोच्या दुकानातून पूर्ण किंमत देऊन आणलेली अस्सल डिस्कसुद्धा ऑस्ट्रेलियातले यंत्र तितक्याच ठामपणे नाकारते, कारण तिची अक्षरे दुसऱ्या प्रदेशाची असतात. मॉड चिप म्हणजे नखाएवढा मायक्रोकंट्रोलर. मोजक्या वायरी बोर्डावर सोल्डर केल्या की तो योग्य क्षणी ती चार अक्षरे स्वतःच पुरवतो. नकली डिस्क चालते, टोकियोची डिस्कही चालते. चिपेला दोन्हींतला फरक कळत नाही.

एडी स्टीव्हन्स नावाचे गृहस्थ सिडनीत अशा चिपा विकत आणि बसवून देत. सोनीने त्यांना न्यायालयात खेचले. 2002 मध्ये पहिला निकाल स्टीव्हन्स यांच्या बाजूने लागला, 2003 मध्ये अपिलात सोनी जिंकली आणि 6 ऑक्टोबर 2005 रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सहाही न्यायमूर्तींच्या एकमताने पुन्हा स्टीव्हन्स यांना न्याय दिला. सोनीचे म्हणणे असे होते की नकली डिस्क चालणारच नसेल तर ती बनवायला कुणी धजावणार नाही, म्हणून हे कुलूप नक्कल रोखते. न्यायालयाने क्रम तपासला. कुलूप जागे होते तोवर नक्कल होऊन गेलेली असते. नक्कल करण्याची क्रिया ते अडवत नाही, झालेली नक्कल फक्त निरुपयोगी ठरवते. आणि परावृत्त करणे म्हणजे प्रतिबंध करणे नव्हे. न्यायमूर्ती मायकल कर्बी यांनी स्वतंत्र निकालपत्रात आणखी पुढचा धोका दाखवला: कायद्याचा अर्थ सैल केला, तर प्रदेशांच्या भिंती उभारून बाजार वाटून घेण्याची मुभा कंपनीला कॉपीराइटच्या नावाखाली मिळेल, आणि कॉपीराइटचा तो हेतू नव्हे.

अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारामुळे ऑस्ट्रेलियाने पुढे 2006 मध्ये कायदा कडक केला. त्या दुरुस्तीतही एक गोष्ट टिकली. चित्रपट आणि कॉम्प्युटर गेम यांच्या बाबतीत केवळ प्रदेशानुसार बाजार तोडण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेला कायद्याचे संरक्षण नाकारले गेले. खटला हरूनही वादी कायदा बदलवून घेऊ शकतो, आणि बदललेल्या कायद्यातही हरलेल्या युक्तिवादाची सीमा उमटून राहते, हे दोन्ही इथे एकत्र दिसते. म्हणूनच हा खटला मला पहिला धडा वाटतो.

अमेरिकेची वाट निराळी आहे. 1998 च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या कलम 1201 ने कुलूप उघडणे हीच चूक ठरवली; उघडून पुढे काय केले, हा प्रश्न मागे पडला. जाच फार होऊ नये म्हणून दर तीन वर्षांनी काँग्रेसच्या ग्रंथालयाचे प्रमुख सवलती जाहीर करतात. 2010 मध्ये स्मार्टफोनला अशी सवलत मिळाली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने कन्सोलसाठी ती मागितली तेव्हा 2012 मध्ये नकार आला, कारण कन्सोलचे कुलूप उघडले की चोरीचे गेम पाठोपाठ येतात, असे मानले गेले. 2021 मध्ये दार किलकिले झाले ते फक्त दुरुस्तीपुरते: बिघडलेला डिस्क ड्राइव्ह बदलण्यासाठी कुलूप उघडता येईल, काम झाल्यावर ते पूर्ववत केले पाहिजे. हे इतके बारीक का लिहावे लागले, ते यंत्र उघडल्यावर कळते. अनेक कन्सोलमध्ये ड्राइव्ह आणि मदरबोर्ड एका गुप्त किल्लीने एकमेकांशी बांधलेले असतात. दुसऱ्या यंत्रातला चांगला ड्राइव्ह जोडला तरी बोर्ड त्याला ओळख देत नाही. मात्र ही सवलत कुलूप उघडण्याच्या कृतीला आहे. उघडण्याचे हत्यार बनवून विकण्यावरची बंदी तशीच राहते. म्हणजे मालकाला हक्क मिळाला, पण तो बजावण्याचे साधन त्याने स्वतःच घडवायचे. हा माझ्या मते त्या कायद्याचा सर्वांत मोठा दोष आहे. सामान्य माणसाला स्वतः वापरता येत नाही असा हक्क फक्त कागदावर राहतो.

संशोधकांवर याचा काय परिणाम होतो, हे अँड्र्यू हुआंग यांच्या उदाहरणावरून समजते. एमआयटीत पीएचडी करताना त्यांनी 2001 च्या शेवटी बाजारात आलेला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स उघडला, बोर्डावरच्या दोन चिपांमधून धावणारा डेटा पकडला आणि त्यातून गुप्त किल्ली शोधून काढली. ती कामगिरी उत्तम अभियांत्रिकी होती. तरी विद्यापीठाने लेखी कळवले की या कामाशी आपला संबंध नाही. पुढे त्यांच्या ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ या पुस्तकातून ठरलेल्या प्रकाशकाने कायद्याच्या भीतीने अंग काढून घेतले. 2003 मध्ये ते दुसरीकडून आले. खटला भरला गेला नाही, कुणाला शिक्षा झाली नाही, आणि तरीही लिहिणारे हात आखडले. न्यायालयाच्या निकालपत्रांत हा परिणाम कुठेही नोंदला जात नाही. या क्षेत्रातल्या अभ्यासकाने तो मुद्दाम शोधायला हवा.

नीतीचा प्रश्न प्लेस्टेशन 3 ने सर्वांत टोकदार केला. 2006 मध्ये विक्रीला आलेल्या या यंत्रावर लिनक्स बसवण्याची सोय खुद्द सोनीनेच दिली होती. अमेरिकी हवाई दलाने अशी सतराशेहून अधिक यंत्रे जोडून एक महासंगणक उभारला. 2010 च्या जानेवारीत जॉर्ज हॉट्झ या तरुणाने यंत्राच्या सुरक्षेत भगदाड पाडल्याचे जाहीर केले आणि 1 एप्रिल 2010 च्या अपडेटमध्ये सोनीने सुरक्षेचे कारण देत ती सोय काढून टाकली. अपडेट नाकारले तर ऑनलाइन खेळ बंद, स्वीकारले तर लिनक्स बंद. पुढच्या वर्षी कंपनीने हॉट्झ यांच्यावर दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. खटल्याची बातमी जगभर गाजली. मला मात्र त्याआधीचे ते अपडेट जास्त महत्त्वाचे वाटते. विकलेल्या वस्तूत, विक्रीनंतर, गिऱ्हाइकाच्या घरात शिरून विक्रेता बदल करतो आणि त्याला कायद्याने अडथळा येत नाही. गिऱ्हाइकाने तोच बदल उलटा फिरवायचा म्हटले, तर तो गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो. ही विषमता मला अन्यायाची वाटते आणि वाचकाने ती तपासून पाहावी अशी माझी इच्छा आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे दुबळे नाही. गेम बनवणारा छोटा स्टुडिओ वर्षानुवर्षे राबतो आणि विक्रीच्या पहिल्या काही आठवड्यांवर जगतो. ऑनलाइन सामन्यात बदललेले यंत्र घेऊन उतरणारा समोरच्या मुलाचा खेळ नासवतो. अशा खेळाडूला आपल्या नेटवर्कबाहेर काढण्याचा अधिकार कंपनीला असावा, कारण नेटवर्क तिचे आहे. त्याच न्यायाने त्याचे घरातले यंत्र दुरून कायमचे निकामी करण्याचा अधिकार तिला नसावा, कारण यंत्र त्याचे आहे. युरोपीय न्यायालयाने 23 जानेवारी 2014 रोजी निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्स या प्रकरणात असेच तोलून पाहायला सांगितले: कुलुपाला संरक्षण आहे, पण ते प्रमाणात हवे, आणि चिपा लोक प्रत्यक्षात कशासाठी वापरतात याचा पुरावा पाहायला हवा. जतनाचा मुद्दाही याच तराजूत येतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये केलेल्या पाहणीनुसार तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ते वाचवायचे तर आधी कुणाला तरी कुलूप उघडावे लागते.

भारतात हे चिपांचे काम वकिलांच्या कितीतरी आधी कारागिरांपर्यंत पोहोचले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ‘चिप मारलेला’ प्लेस्टेशन 2 मागितला की वेगळे समजावून सांगावे लागत नसे. त्या चिपांवर मुख्यतः नकली डिस्क चालल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. कायदा 2012 मध्ये आला. कॉपीराइट कायद्यात भर पडलेल्या कलम 65अ नुसार कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, पण ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या इराद्याने तोडलेले असले तरच. कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप उघडणे मोकळे ठेवले आहे. साधने बनवणे वा विकणे हा या कलमात वेगळा गुन्हा नाही. अमेरिकेने ‘उघडले का?’ असे विचारले. आपल्या संसदेने ‘कशासाठी उघडले?’ असे विचारले. माझ्या मते आपला प्रश्न अधिक शहाणा आहे, आणि आपल्याच विधी महाविद्यालयांतून त्याला पुरेसे श्रेय मिळत नाही.

त्या कलमात एक अटही आहे. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि कुलूप उघडण्याचा हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. ड्राइव्ह बदलून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याने गल्ल्याशेजारी असे रजिस्टर ठेवायचे, हा कायद्याचा आदेश आहे. ते कुणी पाहायचे, किती वर्षे जपायचे, गिऱ्हाइकाने हेतू खोटा सांगितला तर जबाबदार कोण, याची उत्तरे कलमात नाहीत. प्रदेशाची भिंत घालणारे कुलूप कॉपीराइटमधल्या कोणत्या हक्काचे रक्षण करते, आणि करत नसेल तर 65अ त्याला लागू तरी होते का, हाही प्रश्न उरतोच. कलम 52 कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणक प्रोग्रामची बॅकअप प्रत करू देते. पण गेम म्हणजे केवळ प्रोग्राम नव्हे, त्यात चित्रे, संगीत, कथाही असतात, मग ती मुभा गेमला कुठवर पुरते? नव्या अभ्यासकाने स्टीव्हन्स खटल्याचे निकालपत्र आधी पूर्ण वाचावे, मग अमेरिकेच्या त्रैवार्षिक सुनावण्यांतले दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वाचावेत, आणि त्यानंतर हे प्रश्न घेऊन एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसावे.