बांबेर्गचा चौक आणि गुलाबबाग

जर्मनीतील बांबेर्ग येथे टेकडीवर, कॅथीड्रलला लागून, बिशपांचा जुना वाडा आहे. त्याच्या चौकातले लाकडी सज्जे व उतरती छपरे पाहून, श्रोतेहो, आपल्याला घरच्याच वाड्याची आठवण व्हावी. पण ही जागा भोळी नव्हे. २१ जून १२०८ रोजी येथील बिशपांच्या महालात जर्मनीचा राजा फिलिप याचा खून झाला, आणि तोही पुतणीच्या लग्नाच्या दिवशी! मारेकरी ओटो फोन विटेल्सबाख हा बव्हेरियाचा बडा सरदार. राजकन्येशी ठरलेले लग्न राजाने मोडले, हा त्याचा राग असे सांगतात. संशय खुद्द यजमान बिशपावरही आला व तो हंगेरीस पळाला. दहा वर्षे गादीसाठी झगडणाऱ्या चौथ्या ओटोला मात्र वाट मोकळी झाली.

समोर नवा राजवाडा. त्याची बाग १७३३ मध्ये बाल्थाझार नॉयमानच्या आराखड्याप्रमाणे आखली गेली. आज तीत सुमारे ४,५०० गुलाब आहेत. या राजवाड्यात आणखी एक ओटो राहिला, ग्रीसचा राजा. प्रजेने १८६२ साली त्याला पदच्युत केले. १८६७ साली येथेच तो वारला. तोवर ग्रीक पेहरावातच तो वावरे.