रेव्हरंड नारायण वामन टिळक : पाळक आणि गृहस्थ

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाताना वाटेत बिडकीन लागते. असल्या लहान गावच्या ख्रिस्ती पाळकाचे चरित्र जुळविण्याचा प्रसंग आला, तर संशोधकाच्या हाती बहुधा बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या आणि मिशनच्या अहवालांतील दोनचार ओळी इतकेच पडते. त्यांवरून पाळकाचे काम कळते, पण त्याचे घर कळत नाही. गोदावरीच्या पलीकडे, नगर जिल्ह्यात, या नियमास एक ठळक अपवाद आहे. राहुरीस पाळक असलेले रे. टिळक यांचे घर त्यांच्या पत्नीने लिहून ठेविले आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो एतद्देशीय पाळक तुकाराम नथूजी यांच्या हातून घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे अभंग व कीर्तन ही आपलीच साधने त्यांनी उपासनेत आणिली. त्या वृत्तीचे बीज येथे दिसते.

कवी टिळकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, सबब येथे विस्तार करीत नाही. विचार करण्यासारखी आहेत ती १८९५ पासूनची सुमारे पाच वर्षे. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन आप्तांच्या आश्रयास राहिल्या. पती जिवंत असून संसार मोडलेला, अशी त्यांची स्थिती होती. गौरवलेखांतून हा काळ सहसा एका वाक्यात आटोपतो. आमच्या मते पाळकाच्या चरित्रात हाच भाग आधी तपासला पाहिजे. कारण टिळकांच्या धर्मांतराचे मोल त्यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, त्यांच्या पत्नीने दिले.

या ठिकाणी तत्कालीन कायदा ध्यानात घ्यावा. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यान्वये ख्रिस्ती झालेल्या इसमास, धर्मांतरामुळे जोडीदार नांदण्यास येत नसल्यास, न्यायालयाकडून विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरिला नाही. यावरून पत्नीस झालेले दुःख कमी ठरत नाही. परंतु घर सोडणे आणि सोडचिठ्ठी देणे यांत त्यांनी भेद केला, हे निश्चित. अखेर लक्ष्मीबाई नगरास आल्या. तेथेही प्रथम त्यांनी आपले सोवळे राखिले. जातिभेदाचा त्याग त्यांनी स्वतःच्या विचाराने केला, व १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

१९०४ साली टिळकांस पाळकाची दीक्षा मिळाली. राहुरीच्या व पुढे नगरच्या या बिऱ्हाडात परक्यांच्या मुलांचा राबता असे. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले होते. टिळकांचा हात सढळ आणि व्यवहार कच्चा. घरात आज काय शिजणार याची विवंचना लक्ष्मीबाईंकडे. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हा ही विवंचना वाढली असेल, कमी खास झाली नसेल.

हे सर्व ज्यावरून कळते त्या ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथाच्या प्रामाण्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. ग्रंथ १९३४ पासून निघू लागला. इतक्या वर्षांनी लिहिलेले संवाद शब्दशः खरे मानू नयेत. तथापि लेखिका स्वतःचा राग, भाबडेपणा व फजिती झाकीत नाही, आणि पतीचा तापटपणाही झाकीत नाही. साक्षीदार स्वतःच्या विरुद्ध बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे अधिक वजनाचे, या न्यायाने घरगुती प्रसंगांपुरता हा ग्रंथ कोणत्याही अहवालाहून वरचढ आहे. तारखांच्या बाबतीत मात्र तो कागदपत्रांशी ताडून घ्यावा.

ज्या स्त्रीने लग्नानंतर अक्षरे गिरविली, तिनेच टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ काव्यही पुढे नेले. लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त यांनी सिद्धीस नेला.