सरकलेल्या भोकाची तबकडी

1912च्या सुमाराचं इस्तंबूल. खोलीत माइक नाही. तो यायला अजून बारा-तेरा वर्षं आहेत. समोर पत्र्याचा कर्णा, आणि त्याच्या तोंडाला जवळजवळ चिकटून बसलेत तंबुरी जेमिल बे. मांडीवर तंबूर. आपला तंबोरा नव्हे. हे लांब दांडीचं, पडदे बांधलेलं, कासवाच्या कवचाच्या नखीनं छेडायचं वाद्य. आवाज नाजूक, म्हणून एवढी जवळीक. तुम्ही खोकू नका. मेणाची तबकडी फिरू लागली की चूक पुसता येत नाही. तीनेक मिनिटांत अख्खा तक्सीम, म्हणजे त्यांचा आलाप, बसवायचाय. एखाद्या खयालियाला असं सांगून बघा! इथं मात्र घाई ऐकूच येत नाही.

त्या मेणावरून मग शहरातल्याच फेरीकॉयच्या कारखान्यात ब्लुमेन्थाल बंधूंच्या ‘ऑर्फिऑन’ कंपनीच्या तबकड्या निघतात, लाखेच्या. जगाची बहुतेक लाख या काळात भारतातूनच जाते, तेव्हा तुम्ही अगदीच परके नाही.

आता भराभर पुढे. 1916: जेमिल बे गेले. 1928: तुर्कीची लिपी बदलली, लेबलवरची अरबी अक्षरं पुढच्या पिढीला परकी झाली. 1934: तिथल्या रेडिओवर या संगीतालाच बंदी, काही काळ.

इथं थांबा. आजची खोली, हातात तीच तबकडी. पुसायला स्पिरिट घेऊ नका, लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ ब्रश. सुई टेकवा. टोनआर्म डावीउजवीकडे झुलतोय? भोक मध्यापासून मिलिमीटरभर सरकलंय. एवढ्यानं काय होतं? तुर्की संगीतात एका पूर्ण स्वराचे नऊ ‘कोमा’ मानतात, आणि फिरण्याचा वेग 78चा 79 झाला की स्वर जवळपास एक कोमा चढतो. सरकलेलं भोक तर दर फेऱ्याला त्याहून जास्त हेलकावा देतं. ज्या श्रुतीवर मकाम, म्हणजे त्यांचा राग, उभा, तीच डळमळते. म्हणून मधली खुंटी काढलेल्या टर्नटेबलवर तबकडी केसभर ढकलत राहा, आर्म स्थिर होईपर्यंत.

मग डिजिटल नोंद: 96 किलोहर्ट्झ, 24 बिट. खरखर काढायचा मोह होईल. बटण दाबलंत की सॉफ्टवेअर नखीचा आघातही ‘टिक्’ समजून खातं, आणि तंबूर गुळगुळीत, कुणाचाही होतो. मूळ फाइलला म्हणून हात लावायचा नाही. जी काय सफाई करायची ती प्रतीवर. माझ्यापुरतं विचाराल, तर मी खरखरीसकटच ऐकेन.