आतल्या माणसाची साक्ष: एक पुस्तक, एक आयोग आणि ११ सप्टेंबरचे कागद

१/ मार्च २००४. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत जवळजवळ ३,००० माणसे मारली गेली, त्याला अडीच वर्षे झाली होती. इराकवरील आक्रमणाला नुकतेच एक वर्ष पूर्ण झाले होते. अशा वेळी, २२ मार्च रोजी, ‘अगेन्स्ट ऑल एनिमीज’ हे पुस्तक बाजारात आले. लेखक होते रिचर्ड क्लार्क.

२/ क्लार्क हे पत्रकार नव्हते, विरोधी पक्षाचे नेतेही नव्हते. सुमारे तीस वर्षे त्यांनी शासकीय सेवेत काढली होती. १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना दहशतवादविरोधी धोरणाचे राष्ट्रीय समन्वयक नेमले. धाकटे बुश सत्तेवर आल्यानंतरही ते त्या कामावर कायम राहिले आणि हल्ल्याच्या दिवशी व्हाइट हाउसमध्येच होते.

३/ पुस्तकातील मुख्य आरोप दोन होते. पहिला: सत्तेवर आल्यापासूनच्या आठ महिन्यांत बुश प्रशासनाने अल-कायदाच्या धोक्याकडे तातडीची बाब म्हणून पाहिले नाही. दुसरा: हल्ल्यानंतर त्याच प्रशासनाने लक्ष इराककडे वळवले आणि त्यामुळे दहशतवादाविरुद्धचा लढा दुर्बळ झाला.

४/ प्रशासनाचे उत्तर तत्काळ आले. पण त्याचा रोख आरोपांपेक्षा लेखकावर अधिक होता. निवडणुकीचा मुहूर्त साधला, पुस्तक खपवायचे आहे, पद घटल्याचा राग आहे, असे सांगण्यात आले. उपाध्यक्ष डिक चेनी रेडिओवर म्हणाले की, क्लार्क यांना बऱ्याच गोष्टींची कल्पनाच नव्हती. दोनच दिवसांनी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी सांगितले की, दहशतवादावरील प्रत्येक बैठकीला क्लार्क उपस्थित होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

५/ मग विश्वास कोणावर ठेवायचा? मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. कृष्णाजी अनंत सभासद हाही आतलाच माणूस होता. त्याची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना श्रेष्ठ मानले. तरीही बखर कोणी फेकून दिली नाही. तिच्यातील एकेक विधान समकालीन कागदाशी ताडून पाहायचे, ही पद्धत रूढ झाली. क्लार्क यांच्या पुस्तकालाही हीच कसोटी लावता येते.

६/ पहिला कागद: २५ जानेवारी २००१ चे टिपण. बुश यांचा शपथविधी होऊन पाच दिवस झाले होते. क्लार्क यांनी राइस यांना लेखी कळवले की, अल-कायदाच्या प्रश्नावर मंत्रिस्तरीय समितीची बैठक तातडीने हवी. ही बैठक प्रत्यक्षात भरली ४ सप्टेंबर २००१ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या एक आठवडा आधी. मधल्या काळात खालच्या स्तरावर चर्चा चालू होत्या, हे खरे. पण तारखांतील अंतर कोणालाच नाकारता आले नाही.

७/ पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये राइस यांचा लेख आला. मागील प्रशासनाने अल-कायदाविषयीची कोणतीही योजना आपल्या हाती दिली नव्हती, असे त्यांनी त्यात लिहिले. जानेवारीचे ते टिपण २००५ मध्ये सार्वजनिक झाले. त्याला दोन दस्तऐवज जोडलेले होते: १९९८ मधील एक आराखडा आणि डिसेंबर २००० मधील धोरणपत्र. त्यांना ‘योजना’ म्हणावे की नुसत्या ‘कल्पना’, हा वाद पुढेही चालू राहिला. मात्र हाती काहीच आले नव्हते असा समज आता टिकणारा नव्हता.

८/ दुसरा कागद इराकविषयीचा. क्लार्क लिहितात की, १२ सप्टेंबरच्या संध्याकाळी बुश यांनी त्यांना इराकचा काही संबंध आहे का, हे शोधायला सांगितले. अशी भेट झाल्याची नोंद सापडत नाही, अशी प्रशासनाची सुरुवातीची भूमिका होती. पुढे ती सौम्य झाली. चौकशी आयोगाच्या अहवालात मात्र एक महत्त्वाची नोंद आहे. अध्यक्षांच्या सूचनेनुसार क्लार्क यांच्या कार्यालयाने १८ सप्टेंबर रोजी राइस यांना टिपण पाठवले होते. त्याचा विषय होता हल्ल्यांतील इराकचा संभाव्य सहभाग. तसा ठोस पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

९/ येथवर पाहता क्लार्क यांचे पारडे जड वाटते. परंतु कसोटी दोन्ही बाजूंना लागते. ऑगस्ट २००२ मध्ये, सेवेत असताना, त्यांनी पत्रकारांना नाव न छापण्याच्या अटीवर माहिती दिली होती आणि तीत बुश प्रशासनाच्या कामाची भलामण केली होती. त्यांची आयोगापुढे साक्ष होती त्याच दिवशी ती माहिती त्यांच्या नावासह प्रसिद्ध करण्यात आली.

१०/ क्लार्क यांनी दिलेले स्पष्टीकरण असे: अध्यक्षांचा सहायक म्हणून चांगली बाजू पुढे मांडणे आणि उणिवा झाकणे हे त्या पदाचे कामच होते. हे उत्तर प्रामाणिक असेल. तरी त्यातून एक अडचण उभी राहते. पदावर असताना माणूस पदाची भाषा बोलतो आणि पद सुटल्यावर स्वतःची. दोन्ही भाषा इतिहासाची साधने आहेत, आणि दोन्ही बोलणाऱ्याच्या स्थानाने रंगलेल्या आहेत.

११/ दुसरी मर्यादा पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात दिसते. हल्ल्याच्या सकाळी व्हाइट हाउसमधून दूरदृश्य बैठकीची सूत्रे क्लार्क यांच्या हाती होती. ते वर्णन थरारक आहे आणि निवेदक त्याच्या केंद्रस्थानी आहे. आयोगाचा अहवाल याच सकाळचे वेगळे चित्र देतो. त्या वेळी तीन स्वतंत्र दूरसंवाद चालू होते आणि त्यांपैकी एकानेही लष्कर व नागरी विमान वाहतूक यंत्रणा यांचा खरा मेळ घातला नाही. यात क्लार्क खोटे बोलत होते असे नाही. एका खोलीत बसलेल्याला ती खोली म्हणजेच रणांगण वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

१२/ २४ मार्च २००४ रोजी क्लार्क आयोगापुढे आले. हा आयोगच मुळी मृतांच्या कुटुंबीयांच्या आग्रहामुळे अस्तित्वात आला होता, आणि ते कुटुंबीय सभागृहात उपस्थित होते. शासन अपयशी ठरले, आपणही अपयशी ठरलो, असे सांगून क्लार्क यांनी त्यांची क्षमा मागितली.

१३/ त्याच दिवशी आयोगाचे सदस्य स्लेड गॉर्टन यांनी नेमका प्रश्न विचारला: २५ जानेवारीच्या टिपणातील सर्व शिफारशी लगेच मान्य झाल्या असत्या, तर ११ सप्टेंबर टळले असते, याची थोडी तरी शक्यता होती का? क्लार्क यांचे उत्तर होते: नाही. पुस्तकाच्या समर्थकांना हे उत्तर गैरसोयीचे होते. म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे. स्वतःच्या बाजूविरुद्ध जाणारे विधान साक्षीदार उगाच करीत नाही.

१४/ यानंतर जे घडले, ते पुस्तकातील कोणत्याही पानापेक्षा महत्त्वाचे ठरले. राइस यांनी जाहीर साक्ष देण्यास व्हाइट हाउसचा तोवर विरोध होता. ३० मार्च रोजी तो मागे घेण्यात आला. ८ एप्रिलला राइस यांची शपथेवर साक्ष झाली. तीत ६ ऑगस्ट २००१ च्या गोपनीय दैनिक टिपणाचा विषय निघाला आणि १० एप्रिलला ते टिपण खुले करण्यात आले.

१५/ अध्यक्षांसाठीच्या त्या टिपणाचा मथळाच असा होता की, बिन लादेनचा अमेरिकेत प्रहार करण्याचा निर्धार आहे. विमान अपहरणाच्या तयारीशी जुळणाऱ्या हालचाली आणि न्यूयॉर्कमधील सरकारी इमारतींची टेहळणी यांचा त्यात उल्लेख होता. हल्ल्याचा दिवस, ठिकाण किंवा पद्धत मात्र त्यात नव्हती. एकाच कागदावर दोन्ही पक्षांनी बोट ठेवले. निदान आता वाद कागदावर होता, लेखकाच्या चारित्र्यावर नव्हता.

१६/ २२ जुलै २००४ रोजी आयोगाचा अहवाल आला. कल्पनाशक्ती, धोरण, क्षमता आणि व्यवस्थापन अशा चार प्रकारच्या अपयशांची त्याने मांडणी केली आणि क्लिंटन व बुश या दोन्ही प्रशासनांच्या काळातील त्रुटी दाखवल्या. एका पुस्तकाने रंगवलेल्या चित्रापेक्षा हे चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. पण त्यामागचे काही महत्त्वाचे कागद लोकांपुढे येण्याला त्या पुस्तकाने उठवलेले वादळही कारणीभूत होते.

१७/ स्मरणावर किती विसंबावे, याचे आणखी एक उदाहरण. सीआयएचे माजी संचालक जॉर्ज टेनेट यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात १२ सप्टेंबर २००१ रोजी व्हाइट हाउसच्या दाराशी रिचर्ड पर्ल भेटल्याचे आणि ते इराकविषयी बोलल्याचे लिहिले. पर्ल त्या दिवशी फ्रान्समध्ये अडकलेले होते. तारीख चुकली असेल, असे टेनेट यांना मान्य करावे लागले. अशा बोलण्याचा पर्ल यांनी साफ इन्कार केला.

१८/ कागद बाहेर आलेच नाहीत तर काय होते, हे भारतातील एका प्रकरणात दिसते. डिसेंबर १९९९ मध्ये अपहृत विमानातील प्रवाशांच्या बदल्यात तीन दहशतवादी सोडण्यात आले आणि परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह स्वतः कंदाहारला गेले. पुढे जसवंत सिंह (२००६), लालकृष्ण अडवाणी (२००८) आणि ‘रॉ’चे तत्कालीन प्रमुख अ. सिं. दुलत (२०१५) यांची पुस्तके आली. मंत्री सोबत जाणार हे आपल्याला आधी ठाऊक नव्हते, असे अडवाणी सांगत. तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांचे म्हणणे याच्याशी जुळत नव्हते. निर्णायक बैठकींची इतिवृत्ते लोकांपुढे नसल्याने वाचकाच्या हाती एका आठवणीविरुद्ध दुसरी आठवण एवढेच उरले.

१९/ म्हणून आतल्या माणसाचे पुस्तक वाचताना तीन प्रश्न सोडू नयेत. हे त्याने स्वतः पाहिले की ऐकले? त्याच दिवसाचा एखादा कागद त्याला दुजोरा देतो का? आणि स्वतःला अडचणीचे असे त्याने काय सांगितले आहे? लेखक आपल्या पक्षाचा की परक्या, हा प्रश्न यानंतरचा आहे.

२०/ आतल्या माणसाचे पुस्तक म्हणजे निवाडा नव्हे; ती न्यायालयात दाखल झालेली फिर्याद असते. फिर्यादीवरून कोणाला दोषी ठरवता येत नाही. पण फिर्यादच दाखल झाली नाही, तर दप्तर उघडलेही जात नाही. आपली माणसे का वाचली नाहीत, हे विचारणाऱ्या कुटुंबीयांना उत्तर हवे होते. ते जेवढे मिळाले, तेवढे उघडलेल्या दप्तरातूनच मिळाले.