गोवंडीतील छप्पर-साहित्य

गोवंडी हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील, हार्बर रेल्वेमार्गावरील उपनगर असून ते महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडते. शिवाजीनगर, बैंगनवाडी या दाट वस्त्यांत पत्र्याची उतरती छप्परे, तर नव्याजुन्या इमारतींवर सिमेंट-काँक्रीटच्या सपाट गच्च्या आढळतात. छपराचे साहित्य निवडताना येथे पाऊस, उष्णता, खाडीकडील खारी हवा आणि रहिवाशांचे आरोग्य या चारही बाबी विचारात घ्याव्या लागतात.

== उतरती छप्परे ==

कोकणपट्टीत पूर्वी गवत, झावळ्या व अर्धगोल नळीची कौले वापरली जात. पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलून घर शाकारणे हे दरवर्षीचे काम असे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर खाचेत बसणारी मंगळुरी कौले मुंबईच्या चाळी व बंगल्यांवर पसरली. कौलाखाली हवा खेळती राहते आणि एखादे फुटल्यास तेवढेच बदलता येते. मात्र त्यांना चांगला उतार आणि वासे-रिपांचा भक्कम सांगाडा लागतो. चिंचोळ्या गल्लीतील लहान घरावर हा सांगाडा उभारणे परवडत नाही. त्यामुळे गोवंडीच्या वस्त्यांत कौले क्वचितच दिसतात.

त्यांची जागा जस्ताचा मुलामा दिलेल्या पन्हळी पत्र्याने घेतली. तो हलका असतो, एका दिवसात बसतो आणि माळा चढवायचा झाल्यास काढून पुन्हा लावता येतो. झोपड्यांच्या बांधकामास महानगरपालिकेने १४ फुटांची उंचीमर्यादा घातली असल्याने वरचा माळा बहुधा ठेंगणा राहतो. परिणामी उन्हात तापलेला पत्रा झोपणाऱ्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर येतो. खाऱ्या हवेत मुलामा झिजून खिळ्यांच्या भोकांभोवती प्रथम गंज चढतो व गळती तेथूनच सुरू होते. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर विटा, दगड व जुने टायर ठेवण्याची रीत आहे. वाशाला वाकड्या बोल्टने घट्ट बांधणे अधिक सुरक्षित, कारण उडालेल्या पत्र्याबरोबर हे दगडही खाली येतात.

सिमेंटचा पत्रा गंजत नाही, पावसात कमी वाजतो आणि धातूच्या पत्र्यापेक्षा सावकाश तापतो. त्यामुळे तो लोकप्रिय झाला. परंतु पारंपरिक सिमेंट-पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग निर्माण करतात. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. धोका तो कापताना, भोक पाडताना, फोडताना आणि जुना होऊन झिजल्यावर वाढतो. दाट वस्तीत ही कामे दारातच होतात व धूळ शेजारच्या घरात जाते. आजार अनेकदा काही दशकांनंतर प्रकट होत असल्याने त्याचा छपराशी असलेला संबंध लक्षात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यरक्षणासाठी निर्देश दिले, पण भारतात या पत्र्यांचा वापर सुरूच आहे. जुना पत्रा काढावाच लागल्यास तो ओला करून, न फोडता उतरवावा आणि तुकडे भरावासाठी वापरू नयेत. ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंट-पत्रेही मिळतात.

मे महिन्याच्या अखेरीस छपरांवर ताडपत्री किंवा निळे प्लास्टिक पसरते. ते छप्पर नव्हे, तर गळतीवरील हंगामी उपाय होय. उन्हाने ते सहसा एक-दोन वर्षांत विरते.

== सपाट छप्परे ==

पुनर्वसन इमारतींवर काँक्रीटचा स्लॅब असतो. पाणी वाहून जावे म्हणून त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून उतार काढतात व वर फुटक्या चिनी फरशांचे तुकडे बसवतात. कोबा उष्णताही अडवतो, पण जड असतो: १० सेंटिमीटर जाडीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला अंदाजे २०० किलोग्रॅम भरते. जुन्या कोब्यावर नवा थर चढवण्याची सवय म्हणूनच घातक ठरते. पाणी मुरून सळ्या गंजल्या की फुगतात आणि छताचे पापुद्रे सुटतात. डांबरी पत्रक वा रासायनिक लेप हलके असले तरी पन्हळीचे तोंड तुंबलेले असेल तर तेही फार काळ टिकत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता.

== उष्णता ==

मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्याने वाढत्या उष्णतेची दखल घेतली आहे. पत्र्यावर व गच्चीवर पांढरा परावर्तक रंग देणे हा सर्वांत स्वस्त उपाय मानला जातो. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा शीतल छपरांसाठी स्वतंत्र धोरण आखले. धूळ बसल्यावर रंगाचा परिणाम घटतो, त्यामुळे तो धुवावा व काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून खोटे छत लावल्यासही फरक पडतो, मात्र ठेंगण्या माळ्यावर तेवढी उंची उरत नाही.